आईला धाक, मुलाला काय?

गर्भारपणात घेतलेली दारू नाळेतून सरळ बाळापर्यंत पोचते. त्याचं यकृत ती पचवायला तयार नसतं. फटका बसतो मेंदूला, आणि तो जन्मभराचा. सिएटलच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये याला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं.

अमेरिकेत १९८९ पासून दारूच्या बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापावा लागतो. सरकारला हे पुण्य फुकटात पडतं, छपाई कंपनीची. (आपल्या बाटलीवरचा इशारा पिऊन गाडी चालवू नका असं बजावतो, गर्भवतीबद्दल त्यात अक्षर नाही.) विस्कॉन्सिन राज्य १९९८ मध्ये आणखी पुढे गेलं. पिण्यावर ताबा न उरलेल्या गर्भवतीला न्यायालयाच्या आदेशाने ताब्यात घेता येईल, असा कायदा केला. गर्भाची बाजू मांडायला वकीलही नेमायचा. हेतू बाळाच्या भल्याचा, पण असा कायदा बाळाच्याच मुळावर येतो, असं मला वाटतं.

कारण निदान. नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, ही चेहऱ्यावरची खूण फटका बसलेल्यांपैकी थोड्याच मुलांत दिसते. बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टरला विचारावंच लागतं, “दिवस गेले असताना तुम्ही दारू घेत होता का?” उत्तरामागे पोलीस उभा असेल तर ‘हो’ कोण म्हणेल? घरात बाटली आणणाऱ्या नवऱ्याला तर कुणी विचारतही नाही.

मग मुलाला दुसरीच नावं पडतात. काल पाठ म्हटलेला पाढा आज आठवत नाही, म्हणून आळशी. आठवणीतली फट मनाने भरून सांगतं, म्हणून खोटारडं. शिक्षा कशाची झाली हे कळत नाही, म्हणून कोडगं. बुद्ध्यांक बहुतेकदा सत्तरच्या वर, त्यामुळे मतिमंदांसाठीच्या सवलतींतही बसत नाही.

धाकाऐवजी मदतीची वाटही सुचवली गेली. २०२१ मध्ये अलास्काच्या रिपब्लिकन लिसा मर्कोव्स्की आणि मिनेसोटाच्या डेमोक्रॅट एमी क्लोबुचर यांनी मिळून अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं. प्रतिबंध, लवकर निदान आणि या मुलांना मोठेपणीही लागणाऱ्या सेवा, यांसाठी केंद्राने पैसा द्यावा, ही त्यातली मागणी. आईला अटक करायला असा वेगळा निधी लागत नाही. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे त्या काँग्रेसच्या, मुदतीत ते विधेयक मंजूर झालं नाही.