धूर विस्तवाचा की सरपणाचा?

शुद्ध जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते. तांब्याला नुसते वितळायलाच 1085 अंश लागतात. पितळ करायचे तर या दोघांना एका मुशीत नांदवायचे, म्हणजे एकाचा रस होईपर्यंत दुसरे उडून जायची धास्ती. तांब्याशी जुळल्यावर जस्त एकदम पळत नाही हे खरे, पण रसावरून थोडे थोडे सुटत राहते, हवेत जळते आणि त्याची पांढरी भुकटी छताच्या वाशांवर जाऊन बसते. भंडाऱ्यात पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहेत. गुंड, घागरी, गंगाळे, हंडे यांनी या गावाला ‘ब्रास सिटी’ हे इंग्रजी बिरूद मिळवून दिले. मुशीच्या भट्टीचे वैशिष्ट्य असे की तिच्यातून दोन धूर निघतात. एक काळा, कोळशाचा. दुसरा पांढरा, खुद्द पितळेचा. कामातला दोष कामाच्या अंगचाच असतो, की तो बाहेरून चिकटलेला असतो आणि काढता येतो, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न या भट्टीपाशी डोळ्यांना झोंबतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला अठ्ठेचाळिसावा श्लोक याच प्रश्नाला विस्तवाचाच दाखला देतो. सहज म्हणून आलेले कर्म सदोष असले तरी टाकून देऊ नये, कारण कोणतेही काम हाती घ्या, विस्तवाभोवती धूर असावा तसा दोष त्याच्याभोवती असणारच, असा त्याचा आशय. जबाबदारी झटकून रानात निघालेल्याला थांबवायला हा दाखला फार उपयोगी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1915 साली छापून आलेले ‘गीतारहस्य’ ज्या कर्मयोगाची बाजू घेते, त्याच्या तर्कात हे बसते. निर्दोष काम शोधत बसलेला माणूस कधीच कामाला लागणार नाही.

अडचण येते ती ‘सहज’ या विशेषणापाशी. सहज म्हणजे जन्माबरोबर आलेले. ज्याच्या जन्माबरोबर भट्टी आली त्याने धूर गिळावा आणि ज्याच्या जन्माबरोबर गादी आली त्याने हंडे मोजावेत, असा त्याचा अर्थ शतकानुशतके लावला गेला. जात ही नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हा बाबासाहेब आंबेडकरांचा 1936 सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधला मुद्दा नेमका इथे लागू पडतो. याच भंडाऱ्यातून 1954 च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेसाठी उभे राहिले आणि पडले. धुराचा दाखला कोण कोणाला देतो आहे, हे आधी पाहायला हवे. भट्टीवरचा माणूस तो स्वतःला देत असेल तर ते धैर्य म्हणता येईल. गादीवरचा माणूस भट्टीवरच्याला देत असेल तर ती सोय झाली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, विस्तव असेल तिथे धूर असतोच, हे तरी खरे आहे का? या एका वाक्यावर भारतीय तर्कशास्त्राने जेवढी शाई खर्च केली तेवढी क्वचितच कशावर केली असेल. डोंगरावर धूर दिसला तर तिथे विस्तव आहे, हे नैयायिकांचे ठरलेले अनुमान. स्वयंपाकघर हा त्याचा नेहमीचा दाखला. उलट बाजूने मात्र ते चालत नाही. लाल होईपर्यंत तापवलेला लोखंडाचा गोळा घ्या. विस्तव आहे, धूर नाही. मग धूर येतो कुठून? ओल्या सरपणातून. धुराचे कारण नुसता विस्तव नव्हे, तर विस्तवाशी आलेला ओल्या इंधनाचा संबंध. या मधल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात आणि सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती पाठ असते. परीक्षेपुरती पाठ असते, चुलीपुरती नाही, एवढेच काय ते दुर्दैव. कारण धूर हा विस्तवाचा स्वभाव नसून इंधनाची अवस्था आहे, हे त्या संस्कृत पोथीने केव्हाच सांगून ठेवले होते. खुद्द गीताही तिसऱ्या अध्यायात धूर आणि विस्तव यांचाच दाखला वापरते, पण तिथे धुराच्या जागी कामना आहे, आणि ती बाजूला सारायची आहे.

भट्टीचे आधुनिक शास्त्र या उपाधीचीच यादी वाढवत गेले आहे. ओल हे एक कारण झाले. भंडारा-गोंदियाच्या तांदूळ गिरण्यांत उकड्या तांदळासाठी बॉयलरमध्ये धानाचा कोंडा जाळतात. तो पावसात भिजला की धुराडे काळे ओकू लागते, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही. पण वाळलेला दगडी कोळसाही धुरतोच. तापल्याबरोबर त्यातून डांबरी वायू सुटतात. त्यांना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि ज्वाळेत पुरेसा वेळ मिळाला नाही तर ते न जळताच काजळी होऊन निघून जातात. लालभडक थरावर फावडाभर थंड कोळसा एकदम ओतला की नेमके हेच होते. खालचा विस्तव गुदमरतो आणि वरचा कोळसा नुसता शिजत राहतो. म्हणून सुधारणेचे पहिले पाऊल फुकटचे आहे: कोळसा थोडा थोडा, पसरून घालायचा आणि थराचा काही भाग कायम लाल ठेवायचा. दुसरे पाऊल स्वस्तातले: ब्लोअरची सगळी हवा खालून न कोंबता काही हवा थराच्या वरून द्यायची, म्हणजे सुटलेले वायू तिथेच पेट घेतात. तिसऱ्याला खर्च येतो: धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर हीच हवा आधी तापवून घ्यायची.

इथे नीती आणि खिसा एका बाजूला येतात, जे रोज घडत नाही. किलोभर कार्बन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे 33 मेगाज्यूल उष्णता देतो. हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइडवरच अडला तर जेमतेम 9. म्हणजे दर किलोमागे जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता विकत घेऊन छपरावर सोडून दिल्यासारखे. तरीही ‘भट्टी म्हटली की धूर आलाच’ असे म्हणणाऱ्या मालकाला आपण अध्यात्म सांगतो आहोत असे वाटत असले, तरी तो खरे तर स्वतःचे नुकसान सांगत असतो.

जैन परंपरेने वेगळाच रस्ता धरला. तिने श्रावकांसाठी वर्ज्य ठरवलेल्या पंधरा धंद्यांत ‘अंगारकर्म’ म्हणजे कोळसा पाडण्याचे, भट्टी पेटती ठेवण्याचे धंदे येतात. विस्तवात आणि विस्तवामुळे होणारी जीवहिंसा टाळणे हे त्यामागचे कारण. विचार म्हणून हा गीतेच्या श्लोकापेक्षा अधिक कडक आहे. पण भट्टी एकाने सोडली म्हणून हंड्यांची गरज सुटत नाही. धंदा दुसऱ्याच्या हाती जातो, इतकेच. अनेक घरांच्या मंगल कार्यात पितळेचा तांब्या लागतोच.

धूर दुसऱ्याकडे धाडण्याचा मोह फक्त धर्मशास्त्राला पडत नाही, अभियांत्रिकीलाही पडतो. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले आणि तिथेच धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. तिने बाईच्या डोळ्यांतला धूर छपराबाहेर नेला, आणि हे काम लहान नव्हते. पण धूर संपला नाही, हलला. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर लंडनमध्ये दिसली. तिथे घरे ऊबदार ठेवण्यासाठी घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटत. 1952 च्या डिसेंबरात वारा पडला आणि पाच दिवस तो धूर शहरावरच बसून राहिला. हजारो माणसे गेली. 1956 च्या कायद्याने धूरमुक्त विभाग आले. मग वीजनिर्मिती केंद्रांची धुराडी उंच झाली आणि ब्रिटनमधला गंधक आम्लपावसातून नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरू लागला.

भंडाऱ्याला याचे उदाहरण शोधायला नॉर्वेपर्यंत जायची गरज नाही. कोळशाची मूस-भट्टी काढून तिथे विजेची इंडक्शन भट्टी बसवली तर गल्लीतला काळा धूर थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. पण ती वीज ज्या जाळ्यातून येते त्यात तुमसरच्या पूर्वेचे, तिरोड्याचे 3300 मेगावॉटचे केंद्र आहे, आणि ते कोळशावर चालते. 1999 पर्यंत तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होते. नंतर गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मोठ्या केंद्रात कोळसा अधिक पुरता जळतो, राख धरायची यंत्रणा असते, त्यामुळे तुलना सरळ बरोबरीची नाही. तरी केंद्र सरकारने 2015 च्या डिसेंबरात वीज केंद्रांसाठी गंधकाचे निकष आणले आणि त्यांच्या मुदती त्यानंतर पुन्हापुन्हा पुढे सरकल्या. दोष अटळ आहे हे म्हणायला आता श्लोकाची गरज पडत नाही, मुदतवाढीची अधिसूचना पुरते.

आणि धूर दिसत नाही म्हणजे दोष गेला, असे तरी कुठे आहे? नैयायिकांचा लाल गोळा इथे थोडा फसवतो. विदर्भातल्या घरांना लंडनसारखी उष्णता लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेकोटीवर भागते. खोली मुद्दाम तापवायची ती बाळंतिणीसाठी. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, दारे-खिडक्या बंद. सरपण पुरते जळून निखारे लाल झाले की धूर थांबतो आणि मगच शेगडी आत आणतात. नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निदान खोकला आणून जागे तरी करतो. हा वायू झोपेतच नेतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. तेव्हा उपाधी शोधताना डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. निखाऱ्यांची शेगडी आत न आणणे हे त्या खोलीतले खरे शास्त्र.

राहिला पांढरा धूर. तो सरपण बदलून जात नाही. गॅस लावा, वीज लावा, पितळ आहे तोवर जस्त सुटणारच. दिवसभर तो हुंगलेल्या ओतकऱ्याला संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो, सकाळपर्यंत उतरतो. पुढचे काही दिवस अंगाला सवय होते, सुट्टीनंतर पुन्हा पहिल्या दिवशी ताप. युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच ‘पितळ ओतणाऱ्यांचा ताप’ म्हणून हा नोंदवला होता. इथे गीतेचा श्लोक अक्षरशः खरा ठरतो: हा दोष कामाच्या अंगचाच आहे. पण अंगचा म्हणजे उपायापलीकडचा नव्हे. जस्त शेवटी घालणे, रस गरजेपेक्षा जास्त न तापवणे, वर लोणारी कोळशाचा किंवा टाकणखाराचा थर ठेवणे, मुशीवर हूड बसवून हवा ओढून घेणे, यांनी तो बराच आवरतो. जाणत्या ओतकऱ्यांना यातले पहिले तीन ठाऊकच असतात. चौथ्याला पैसे लागतात.

पैशाचा प्रश्न आला की तत्त्वचर्चा गप्प होते, म्हणून तो इथे मांडणे भाग आहे. ताजमहाल परिसरातल्या उद्योगांनी कोळसा सोडावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी दिला, तेव्हा फिरोजाबादच्या काच भट्ट्यांसाठी ‘टेरी’ या संस्थेने स्वित्झर्लंडच्या मदतीने गॅसवरची भट्टी तयार केली, उष्णता परत वापरणारी. आदेश, गॅसची वाहिनी, संशोधनाचा खर्च, सगळे एका जागी आले तेव्हा ते जमले. मुंबईच्या बेकऱ्यांना 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले; पाव महागेल का, हीच चर्चा अधिक झाली. स्टीलने आधीच बराच बाजार नेलेल्या पितळेच्या धंद्यात ठिकठिकाणी रीत अशी की मोड व्यापाऱ्याची, भट्टी कारागिराची आणि मजुरी किलोमागे ठरलेली. धूर कमी केला म्हणून किलोमागे रुपया वाढत नाही. हूडचा खर्च हंड्याच्या किमतीत धरला तर तो लग्नघर देईल. मजुरीत धरला तर ओतकरी देईल, आणि आज तो तापाच्या रूपाने देतोच आहे.