थोडे दिवस पिवळी राहू दे

शेंडी, भंडारदरा

चि. अमोल,

परवा फोनवर म्हणालास, नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतंय, तरी हिरवळीवर रोज पाइप धरतोस. तेव्हापासून चैन नाही. अरे, पाचशे चौरस फुटांवर पाच मिलिमीटर पाणी दिलं तरी सव्वादोनशे लिटरच्या वर जातं. पाइप धरणाऱ्याला ते कळत नाही.

इकडे करवंदं पिकलीत, काजवे बघायला गाड्यांची रीघ लागलीय. घाटघरला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि मे महिन्यात वरच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन उतार उतरतात. अकरा टीएमसीचं हे भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं ते खालच्या कालव्यांसाठी. 2023 च्या नोव्हेंबरात जायकवाडी धरणासाठी खालच्या निळवंडे धरणातून पाणी सोडलं, तेव्हा केवढा वाद झाला! तुझ्या संभाजीनगरच्या नळाला जायकवाडीचंच पाणी. म्हणून म्हणते, ते गवतावर ओतू नकोस. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयानं आयपीएलचे मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला लावले, ते मैदानांच्या पाण्यापायीच.

तुझी हिरवळ हरळीची आहे ना? मग घाबरू नकोस. ती पिवळी पडते, पण मुळं धरून असते, पावसात पुन्हा फुटते. रोजच्या शिंपडण्यानं मुळं वरच्यावर राहतात. द्यायचंच झालं तर आठवड्यातून एकदा, पहाटे, वारा नसताना, चांगलं मुरेल असं दे. वाहायला लागलं की थांब, जिरलं की पुन्हा दे. सळई खुपसून बघ. चार-पाच बोटं सहज गेली की पुरे. गवत तीन बोटं उंच ठेव, कापलेलं तिथंच पसर आणि सध्या युरिया अजिबात नको.

तुझे आजोबा मोरीचं पाणी केळीला काढून द्यायचे, आठवतं? तसंच तांदूळ-भाजी धुतलेलं, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धर. फिल्टरचं वाया जाणारं पाणी खारट असतं, नुसतं तेच सारखं घालू नकोस. आणि आधी आंब्याच्या रोपाला घाल. गवत पुन्हा येईल, गेलेलं झाड येणार नाही. आळ्यात पालापाचोळा टाक.

सूनबाईला सांग, पाहुणे पिवळ्या अंगणाला नावं ठेवतील तर ठेवू देत. तब्येतीला जप, उन्हात फिरू नकोस. आणि पाइप गुंडाळून ठेवलास की मला फोन कर.

तुझी आत्या