कान्होबाची वाटणी

खंडाळ्याच्या पावसात फोटोग्राफरचा पहिला शत्रू म्हणजे बुरशी. लेन्सला धरते, निगेटिव्हला धरते. म्हणून सगळं कॉम्प्युटरवर चढवलं तेव्हा वाटलं, सुटलो. गेल्या जुलैत एका सकाळी फोल्डर उघडला. नऊ वर्षांची लग्नं जागच्या जागी होती, नवरानवरीची नावं, तारखा, सगळं. फक्त प्रत्येक नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, आणि फोटो एकही उघडेना. शेजारी चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत भरलेत तर निम्मे. चोरालासुद्धा पावसाळी सेल सुचतो.

नेटची वायर उपटली, सायबर गुन्ह्यांच्या १९३० ला फोन लावला. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला जोडलेलीच होती, त्यामुळे तीही गेली. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर फुकटची चावी मिळते का पाहिलं. माझ्या कुलुपाची नव्हती. चोराला वाट मीच करून दिली होती. एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकत न घेता 'क्रॅक' उतरवलं, त्याच्याच पोटातून हा आला. अस्तेय माझ्याकडून आधीच मोडलं होतं; अपरिग्रहावर बोलण्याआधी एवढं कबूल करतो.

भजनी मंडळातले म्हणाले, "अण्णा, माया आहे, सोडा. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलंच ना?" इंद्रायणी आमच्या शेजारच्या कुरवंड्याची, त्यामुळे तिचा दाखला इथे चटकन निघतो. पण कथा नीट आठवा. तुकोबांनी कर्जखतं बुडवली ती आपल्या वाट्याची. धाकट्या भावाची, कान्होबाची वाटणी त्याच्या हातात दिली. माझ्या डिस्कवर माझं स्वतःचं होतंच किती? एका मुंजीत नातवाला घास भरवणारी आजी होती. त्यानंतर तिचा फोटो कुणी काढला नाही. तिला मी कोणत्या अधिकाराने 'माया' म्हणू?

मग परक्याची ठेव सोडवायला पैसे भरणं हा धर्म नव्हे का? दोन रात्री हाच घोळ. मग आठवलं: २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बसवले, जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. त्या वेळी ज्यांनी खंडणी भरली त्यांनाही काही मिळालं नाही. त्या प्रोग्रॅमला उघडायची सोयच नव्हती. मर्स्कला तारलं घानातल्या एका वाचलेल्या कॉम्प्युटरने; तो वाचला, कारण तिथे नेमकी लाईट गेली होती! आमच्याकडे लाईट गेली की आम्ही शिव्याच देतो.

मी पैसे भरले नाहीत. बंद फायली मात्र पुसल्या नाहीत, उद्या चावी निघेलही. मग घरोघर फिरलो. ज्यांना पेनड्राइव्ह देताना मी कुरकुरलो होतो, त्यांच्याच कपाटांतून चार लग्नं परत आली. मुंजीवाल्यांचा पेनड्राइव्ह हरवलेला. त्यांच्या दारात बराच वेळ उभा होतो.

आता नवी डिस्क दर रविवारी भरतो, वायर काढतो आणि धाकट्या भावाकडे नेऊन देतो. भावजय ती दमटपणा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवते. परवा तिने विचारलं, "भाऊजी, यात आमचे फोटो आहेत का हो?" नव्हते.