गोळीबाराचे उत्तरदायित्व

फौजेच्या गोळीने जमावातील माणसे मेली म्हणजे पहिला प्रश्न उठतो तो गोळी कोणी झाडली हा. आणि त्याचे उत्तर बंदुकीपाशीच थांबत असल्यामुळे राज्यकर्त्यांना तो नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनच्या जकात कचेरीसमोर, शिव्यांनी व बर्फाच्या गोळ्यांनी बिथरलेल्या ब्रिटिश शिपायांनी पाच माणसे मारली, तेव्हा खटला उभा राहिला तो कॅप्टन प्रेस्टन व त्याचे आठ शिपाई यांच्यावर. त्यांचे वकीलपत्र घेणारा जॉन अॅडम्स स्वतः वसाहतीच्या पक्षाचा; तरी हुकूम दिल्याचे शाबीत न झाल्याने कप्तान सुटला, सहा शिपाई सुटले, आणि उरलेल्या दोघांच्या अंगठ्यांवर डाग देऊन न्यायाचे काम आटोपले. भर वस्तीत फौज ठेवल्याने दंगे वाढतात, हे अॅडम्सने कोर्टात बजावले होते. परंतु ते धोरणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे त्या कोर्टाच्या अधिकाराबाहेरचे होते.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत हुकूम कोणाचा, हा वादच उरला नव्हता. पूर्वसूचना न देता सोळाशे पन्नास काडतुसे झाडविल्याचे जनरल डायर स्वतःच सांगत होता. बागेत शिरण्याची वाट रुंद असती आणि चिलखती मोटारी आत नेता आल्या असत्या, तर मशीनगन चालविल्या असत्या काय, असे या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे तिचे एक सभासद, मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांनी विचारले. बहुधा होय, असा जबाब मिळाला. याच पुराव्यावरून समितीच्या बहुमताने डायरला दोष दिला, पण पंजाबातील लष्करी कायदा समर्थनीय ठरविला. तिघा हिंदी सभासदांनी मात्र भिन्नमतपत्रिकेत त्या कायद्यालाच आव्हान देऊन दोषाचा माग सरकारपर्यंत नेला. तथापि अंमलदारांना संरक्षण देणारा कायदा आधीच मंजूर झाला होता. डायरची नोकरी तेवढी गेली, आणि लॉर्डांच्या सभेने तर त्याचीच बाजू उचलून धरली.

पुढे उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे दोषाच्या या विचाराने आणखी एक वळण घेतले, आणि खुद्द चौकशीच संशयाच्या कक्षेत आली. ३० जानेवारी १९७२ रोजी, विनाचौकशी स्थानबद्धतेच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चाच्या वेळी सैनिकांनी तेरा जणांना ठार केले; काही आठवड्यांतच न्यायमूर्ती विजरी यांच्या अहवालाने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले. मृतांच्या आप्तांनी तो अहवाल कधीच मान्य केला नाही, आणि त्यांच्या चिकाटीमुळे १९९८ साली दुसरी चौकशी नेमावी लागली. २०१० साली न्यायमूर्ती सॅव्हिल यांनी निर्वाळा दिला, की गोळी लागलेल्यांपैकी कोणापासूनही सैनिकांच्या जिवास धोका नव्हता, आणि अनेक सैनिकांनी जाणूनबुजून खोट्या जबान्या दिल्या होत्या; पंतप्रधान कॅमेरून यांनी त्याच दिवशी पार्लमेंटात माफी मागितली.

शिपायाकडून सेनानीकडे, सेनानीकडून सरकारकडे, आणि अखेर चौकशी करणाऱ्याकडे, असा हा दोषाचा विचार अडीचशे वर्षांत सरकला आहे. यास्तव यापुढे असा कोणताही अहवाल हाती येईल तेव्हा वाचकाने निष्कर्षाचे पान उघडण्यापूर्वी साक्षी कोणाकोणाच्या घेतल्या, आणि हुकुमाचा माग किती वरपर्यंत काढला, हे अवश्य तपासावे.