धोका कोणाच्या नावावर?

"बाबा, गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या बदलणं तुम्हाला जमेल, यात शंका नाही. पण पार्किंगच्या वर माणसं राहतात."

"पद्मिनीत अवघड काय आहे? टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर. मधली नळी धातूची, जोडांवर रबर. ते रबर कडक झालंय, वाकवलं की भेगा दिसतात. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे बनतात. हिचं रबर १९९०च्या दशकातलं."

"म्हणूनच गॅरेजला द्या."

"तिथे मीटरवर मिळेल ती नळी कापून बसवतात. मी छाप वाचून आणलीय, 'एसएई जे३० आर९', आतून फ्लोरोकार्बन रबराचा थर असलेली."

"काळजी तुम्ही घ्याल, पण धोका तुमच्या एकट्याचा नाही. शून्याखाली ४० अंशांनाही पेट्रोलची वाफ पेटू शकते. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. कोपऱ्यातल्या पाण्याच्या मोटरचा स्विच कुणी दाबला तर? तळमजल्यावरच्या काकूंना विचारलंत?"

"भेगाळलेल्या नळीची गाडी रोज रात्री त्यांच्याच खिडकीखाली लावतो, तेव्हा कुठे विचारतो? काही न करणंही माझंच करणं आहे. फक्त त्याचा जाब कोणी मागत नाही."

"मग गॅरेज हाच मार्ग उरतो."

"गॅरेजमधला पोरगा टाकीतलं पेट्रोल नळीने तोंडाने ओढून काढतो. तोच धोका मी पैसे देऊन त्याच्या अंगावर ढकलायचा?"

"त्याला नाही म्हणता येतं."

"रोजंदारीवर असताना?"

मला हा प्रश्न सर्वांत जड वाटतो. काकूंची संमती नाही म्हणून मी बाबांना अडवत होते, आणि त्या पोराच्या होकाराला संमती समजत होते. धोका आपल्या दारातून हलला की तो मिटला असं वाटतं. खरं तर त्याचा पत्ता बदललेला असतो. ज्याचा फायदा त्यानेच धोका उचलावा, हे बाबांचं म्हणणं मला पटतं. पण तेवढ्याने काकूंचा प्रश्न सुटत नाही.

"मग गाडी ढकलत मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊ," मी म्हटलं. "वरती कोणी नाही, बाजूला मोटर नाही."

"चालेल. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, अग्निशामक हाताशी. टाकी हातपंपाने रिकामी करू."

"आणि काकूंना सांगायचं."

"सांगायचं की विचारायचं?"

"विचारायचं. आज रात्री गाडी कुठे लावायची, तेही."

"त्या म्हणाल्या, इथे नको, तर?"

"तर नळ्या बदलेपर्यंत ती प्लॉटवरच राहील."

बाबांना ते आवडलं नाही. प्लॉटला कुंपण नाही, गाडी त्यांच्या जिवापलीकडची. तरी किल्ली घेऊन ते काकूंची बेल वाजवायला गेले.