दाद
‘ईटन फिश’ या टोपणनावानं एक इराणी तरुण व्यंगचित्रं काढायचा. आश्रय मागायला आलेल्या त्याला ऑस्ट्रेलियानं पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावरच्या छावणीत डांबलं होतं. २०१६ मध्ये धाडसी व्यंगचित्रकारितेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हाही तो तिथंच होता.

कैदेतल्या माणसाचं चित्र दुसरा कुणी काढतो, तेव्हा त्याच्या वाट्याला बहुतेकदा कीव येते. तो स्वतः काढतो, तेव्हा तो साक्षीदार होतो. मग आपण त्याला बघत नसतो, तोच आपल्याला बघत असतो.

मराठीत ‘दाद’ दोन प्रकारची: कलेला देतात ती, आणि न्यायासाठी मागतात ती. त्याच्या चित्रांनी दुसरी मागितली. आपण पहिली देऊन पुढे स्क्रोल करतो. पण पहिली दिली म्हणून दुसरीचं देणं फिटतं का?