वंशावळ आणि पितृऋण

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घराण्याचा इतिहास शोधण्याचा छंद जोपासणाऱ्यांच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. नाशिकच्या रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी गेलेल्या कुळांची नोंद तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या वहीत, पाहिली जाते. गावच्या कोतवाल बुकातील, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील, मोडी अक्षरे कोणा जाणकाराकडून वाचून घेतली जातात. आणि काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या पोथी घेऊन दारी येणाऱ्या भाटांकडून वंश ऐकून घेतला जातो. या खटाटोपातून जे हाती येते ते बहुतेकदा एका खाली एक लिहिलेल्या सात-आठ नावांचे पान असते. ते पान देवघरात ठेवावे इतके पवित्र मानणारी माणसे आहेत, तशीच ती निव्वळ हौस आहे असे म्हणणारीही आहेत. यामागचा प्रश्न मात्र हौसेपेक्षा मोठा आहे: सातव्या पुरुषाचे नाव ज्याला सापडले त्याने पितरांचे काही ऋण फेडले, असे धर्मविचाराच्या कसोटीवर म्हणता येते काय?

ऋणाची ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. जन्माला येणारा ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच येतो आणि ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे व प्रजेने पितरांचे ऋण फेडतो, असे तेथे सांगितले आहे. पुढच्या धर्मग्रंथांनी ही कल्पना बरीच व्यापक केली. यात ध्यानात घेण्यासारखे हे की पितरांचे ऋण मागे वळून फेडायचे नसून पुढे पाहून फेडायचे आहे, आणि ते फेडण्यासाठी पूर्वजांची नावे माहीत असण्याची अट मूळ विचारात नाही. नावे येतात ती श्राद्धाच्या विधीत. तेथे पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य या देवतारूपांत आवाहन केले जाते. त्यापलीकडचे तीन पुरुष लेपभाज, म्हणजे पिंड देताना हाताला चिकटलेल्या अन्नाचे अधिकारी, मानले जातात. आणि सातव्या पुरुषाशी सपिंडता, म्हणजे एका पिंडाने बांधले जाण्याचे नाते, संपते. ज्याला ही तीन नावेही ठाऊक नसतील त्याच्यासाठी सूत्रकारांनी सोय करून ठेवली आहे. पृथ्वीवर राहणारे, अंतरिक्षात राहणारे आणि स्वर्गात राहणारे पितर असा उल्लेख करून त्याने पिंड द्यावा. गोत्र अज्ञात असल्यास काश्यप गोत्राचा उच्चार करावा. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यास सर्वपित्री अमावास्या आहेच. शास्त्राने अज्ञानाला येथे दोष मानलेले नाही.

याच्या अगदी उलट भूमिका अमेरिकेतील मॉर्मन पंथाची आहे आणि तुलनेसाठी ती उपयोगी पडते. जिवंत माणसाने मृताच्या नावाने बाप्तिस्मा घेतल्यास त्या मृताला तारणाचा मार्ग खुला होतो, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे, आणि हा विधी विशिष्ट व्यक्तीच्या नावानेच करायचा असल्यामुळे पूर्वजांची नावे शोधणे हे तेथे धर्मकर्तव्यच ठरते. युटामध्ये १८९४ साली त्यांची वंशावळ संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने जगभरच्या नोंदींचे प्रचंड भांडार उभे केले ते या श्रद्धेपोटी. तेथे नाव सापडले नाही तर मृतासाठी विधी होत नाही. येथे नाव सापडले नाही तरी पितर उपाशी राहत नाहीत. तेव्हा खानदेशातील माणूस नावे शोधतो ती पितरांच्या गरजेसाठी नव्हे, हे प्रथम मान्य करावे लागते. ती गरज त्याची स्वतःची असते, आणि त्या गरजेचे स्वरूप काय आहे यावरच त्याच्या शोधाचे धार्मिक मोल ठरते.

महाराष्ट्रातील जुन्या वंशावळी ज्या कागदांत सापडतात ते कागद पाहिले तर ही गरज फार वेळा हक्काची होती असे दिसते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून प्रसिद्ध करणाऱ्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि त्यांनी जमवलेली दप्तरे जपण्यासाठी १९२७ साली त्याच शहरात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांसारख्यांनी जमवलेल्या अशा दप्तरांत वंश कोठे लिहिला जातो? तर करीन्यात, म्हणजे वतनाच्या वादात पक्षकाराने मांडलेल्या हकिकतीत, महजरात, म्हणजे गोतसभेसमोर झालेल्या निवाड्याच्या कागदात, आणि कैफियतीत. पाटीलकी किंवा कुलकर्ण कोणाचे, वडील शाखा कोणती, दत्तक खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी पूर्वज साक्षीला बोलावले जात. आजही स्थिती फार बदललेली नाही. जातपडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र लागते आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली. हक्क मागणे गैर नाही. ज्यांना तो नाकारला गेला त्यांनी तर तो मागितलाच पाहिजे. पण हक्कासाठी केलेल्या वंशावळीत हक्काला निरुपयोगी असलेली माणसे उतरत नाहीत, हा तिचा स्वभाव छंद म्हणून काम करणाऱ्याने ओळखलेला बरा, कारण त्याच्या हाती येणारी साधने याच स्वभावाची असतात.

वंशावळीचा याहून वेगळा उपयोग खानदेशातच आठशे वर्षांपूर्वी झालेला आहे. चाळीसगाव तालुक्यात, कन्नडच्या घाटाजवळ पाटणा येथे, चंडिकादेवीच्या मंदिरात शके ११२८ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्यात शांडिल्य गोत्रातील एका घराण्याच्या नऊ पिढ्या दिल्या आहेत: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव. यांतील सातवा तो सिद्धांतशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य, आणि नववा चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. तापीकाठच्या योगी चांगदेवाशी त्याचा संबंध नाही. त्याच तालुक्यात बहाळ येथे शके ११४४ चा दुसरा लेख आहे आणि त्यात मनोरथ व महेश्वर ही नावे पुन्हा येऊन पुढे श्रीपती, गणपती आणि अनंतदेव अशी शाखा फुटते. दोन्ही लेख शेजारी ठेवले की श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ असल्याचे कळते. एका कागदात तुटलेला धागा दुसऱ्या कागदात जोडून घेण्याचे जे काम वंशशोधक करतो, त्याचा याहून देखणा नमुना मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

पाटण्याच्या लेखातील नऊ नावे कशासाठी कोरली, हा मात्र त्याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. चांगदेवाने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला, निकुंभ वंशातील सोइदेव या स्थानिक अधिपतीने त्याला दान दिले, आणि त्या दानपत्राची प्रस्तावना म्हणून ही वंशावळ आली आहे. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत असून बाजाराच्या उत्पन्नातून आणि तेलाच्या घाण्यांकडून मठाला काय द्यावे याचा व्यवहार त्यात सांगितला आहे. म्हणजे नऊ पिढ्यांची कीर्ती येथे घाण्यावरच्या तेलाशी बांधलेली आहे: दिवा जळावा, विद्यार्थी बसावा आणि आजोबांचे गणित पुढच्या मुलाला कळावे. व्याकरणकारांनी वंश दोन प्रकारचा मानला आहे, जन्माचा आणि विद्येचा; चांगदेवाने या दोहोंची गाठ घातली, आणि पितृऋण पुढे पाहून फेडायचे असते या जुन्या विचाराचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. जन्माच्या वंशाने ज्यांना बाहेर टाकले त्यांना विद्येच्या वंशाने सामावून घेतल्याचे उदाहरणही जळगाव जिल्ह्यातच आहे, कारण संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेल्या भावंडांतील मुक्ताबाईचे समाधिस्थान ज्या मुक्ताईनगर परिसरात आहे, तेथे येणारा वारकरी तिची परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी मोजतो.

असे असले तरी पाटण्याच्या लेखातील नऊही नावे पुरुषांची आहेत, हे नजरेआड करता येत नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरीस आचार्यांची जी परंपरा दिली आहे तिच्यात बहुतेक आचार्य आईच्या नावाने, अमकीचा पुत्र असे, ओळखले जातात. म्हणजे आईच्या नावाने परंपरा सांगण्याची वाट भारतीय विचाराला अपरिचित नव्हती, ती पुढे सोडली गेली. गणितही सांगते की मागच्या सातव्या पिढीत एका माणसाला १२८ पूर्वज असतात आणि वहीत त्यांतील एकच उतरतो. श्राद्धविधी याबाबतीत वंशावळीपेक्षा उदार आहे. त्यात आई, आजी, पणजी यांना पिंड आहे, आईच्या वडिलांकडील तीन पुरुषांना सपत्नीक आवाहन आहे, आणि महालयात, म्हणजे भाद्रपदातील पितृपक्षाच्या श्राद्धात, आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासरा, गुरू, शिष्य आणि आप्त यांचीही आठवण केली जाते. जो पुरोहिताच्या मागे ही सारी नाती उच्चारतो आणि घरी येऊन फक्त बापाच्या बापाचीच रेघ ओढतो, त्याची वंशावळ त्याच्या धर्माहून तोकडी आहे.

खानदेशात हे सर्वांत ठळकपणे दिसते ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस-पुरणपोळीचा स्वयंपाक होतो आणि पेटत्या गोवरीवर घास सोडून आगारी टाकली जाते. त्याच दिवसासाठी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गाणी म्हटली जातात. मृत्यूने गेलेले आणि लग्नाने गेलेल्या, असे दोघेही एकाच सणाला एकाच उंबऱ्यात परततात. पण वहीत नोंद होते ती एकाचीच. लेकीचे नाव माहेरच्या वंशावळीत बहुधा येत नाही, आणि लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे सासरच्या वहीत ती आली तरी नव्या नावाने येते, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदी पुढे जुळत नाहीत. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी वेळोवेळी टिपून ठेवल्या म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या पिढीतल्या हजारो बायांचे बोलणे सोडाच, नावही कोणी टिपले नाही.

यातच आणखी एक रिकामी जागा मिसळलेली आहे. १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्या सुमारास झालेली लूटमार यांनी खानदेशातील कितीतरी गावे उजाड झाली, आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यानंतर पुन्हा वस्ती होत गेली ती पुष्कळदा बाहेरून आलेल्या कुळांची. त्यामुळे अनेक घराण्यांचा माग पाचव्या-सहाव्या पुरुषापाशी थांबतो. अशा वेळी एखाद्या राजवंशाशी किंवा दूरच्या गडाशी नाते जोडून ती जागा भरून काढण्याचा मोह होतो आणि पैसे घेऊन तसे जोडून देणारेही भेटतात. हे कृत्य इतिहासदृष्ट्या खोटे आहेच, पण धर्मदृष्ट्या ते अधिक गंभीर आहे, कारण त्यात खऱ्या पितराच्या जागी दुसऱ्याला बसवले जाते. दुष्काळात मेलेल्या निनावी कुणब्याला पृथ्वीवरचा पितर म्हणून पिंड देण्याची सोय शास्त्राने ठेवली असता त्याला नाकारून सरदाराला पूर्वज मानणे याला ऋणफेड म्हणता येत नाही; तो ऋण बुडवण्याचा प्रकार आहे. ज्या जागी नाव सापडत नाही ती जागा कोरी ठेवावी आणि कोरी का राहिली ते तेथेच लिहावे.

दत्तकाबाबतही हाच प्रामाणिकपणा लागतो. सपिंडतेचा अर्थ विज्ञानेश्वराने मिताक्षरेत शरीराच्या अंशाने आलेले नाते असा केला, तर बंगालच्या जीमूतवाहनाने पिंडदानाने सिद्ध होणारे नाते असा केला. तरीही दत्तक गेलेला मुलगा दत्तक घराच्या पितरांना पिंड देतो हे धर्मशास्त्राला मान्य आहे. आज लाळेच्या नमुन्यावरून रक्ताचे नाते सांगणाऱ्या चाचण्या मिळतात, पण त्यांचा निष्कर्ष पुढे करून वंशावळीतून दत्तकाला वगळणारा त्या पिंडदानाला खोटे ठरवतो. दोन्ही घरे लिहावीत, म्हणजे प्रश्न उरत नाही.

या छंदात पडलेल्यांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. कागदपत्रांच्या मागे धावण्याआधी येत्या आखाजीला घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ आणि माहेरी आलेल्या लेकींजवळ वही घेऊन बसावे. प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरी मिळालेले नाव, तिच्या आईचे व आजीचे नाव आणि त्यांची गावे विचारावीत, सांगणारीचे नाव व तारीख घालून ती लिहून ठेवावीत, आणि त्या वहीची एक प्रत प्रत्येक लेकीबरोबर तिच्या सासरी पाठवावी.